बोंडू पडायची वाट

गेल्या रविवारी पुण्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. गोव्याहून आणलेली फेणीची बाटली त्याने मोठ्या हौसेने टेबलावर ठेवली. तिच्यावर काजूगरांचं सुबक चित्र होतं. कतलीच्या दुकानात लावतात तसे पांढरे, टपोरे गर. मित्राच्या मुलीने विचारलं, "एका बाटलीसाठी किती काजू कुटावे लागत असतील?" आणि टेबलाभोवतीच्या मोठ्या माणसांनी खरोखरच हिशेब मांडायला घेतला. एकाने काजूगरांचा किलोचा भावही सांगितला.

राग मुलीचा आला नाही, ते लेबल छापणाऱ्याचा आला. फेणीत काजूगराचा कणसुद्धा नसतो. फेणी बोंडाची. लाल किंवा पिवळं, रसाने तट्ट फुगलेलं आणि बुडाशी बी लोंबणारं हे फळ इतकं देखणं असतं की चित्रकाराने ते काढलं असतं तर बाटलीचं काही बिघडलं नसतं. पण शहरात कोणी बोंड पाहिलेलंच नाही. पाहणार कसं? झाडावरून पडलेलं बोंड दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, तिसऱ्या दिवशी आंबतं. ते टोपलीत भरून बाजारात येत नाही, आंब्यासारखं पेटीत बसून मुंबईला जात नाही. म्हणून तर त्याची फेणी झाली.

थोडी माहिती सांगून टाकतो. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, आणि 'काजू' हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आला. माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून गाळलेली फेणी गोव्यात त्याआधीची, काजूची नंतरची. बोंडाचा रस पाणी न घालता तीनेक दिवस आपसूक आंबवतात आणि भट्टीवर गाळतात. पहिल्या गाळपातून निघतो तो हुर्राक, साधारण पंधरा टक्के मद्यार्काचा. तो पुन्हा गाळला की बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची फेणी. पूर्वी मध्ये काजुलो नावाची आणखी एक पायरी असे, आता बहुतेक ठिकाणी दोनदाच गाळतात. कोकणीत फेण म्हणजे फेस, त्यावरून फेणी. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते काजूच्या फेणीपुरतंच, माडाची बाहेर राहिली. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला 'देशी दारू'च्या यादीतून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला.

माझं गाव दोडामार्ग तालुक्यात आणि आजोळ सीमेपलीकडे डिचोलीच्या बाजूला, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. मी स्वतः पीत नाही हेही त्यांना ठाऊक आहे. तरी फेणीबद्दल कोणी सैल बोललं की मला राहवत नाही, कारण ती करणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. मामाची भट्टी होती. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही भावंडं पहाटे त्याच्यामागून डोंगरावर जात असू. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला असे, म्हणजे रात्रीत पडलेलं बोंड चटकन दिसतं. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून हाताला आलेलं एक लालभडक बोंड ओढलं, तेव्हा मामी लांबूनच ओरडली होती, "वडू नको रे तो! पडांदे. वडलेल्या बोंडूत रस खंयसून येतलो?"

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ओढलेलं बोंड तुरट, घसा धरणारं. आपणहून पडलेलं गोड. त्या एका दिवसाच्या फरकावर पुढचं सगळं उभं असतं. बाटलीवर लिहायचंच असेल तर हे लिहा, की आतला प्रत्येक थेंब पडलेल्या फळाचा आहे, एकही तोडलेल्या फळाचा नाही.

मग बी पिरगाळून वेगळी करायची आणि बोंडं कोळंबीत टाकायची. ही कोळंबी कालवणातली नव्हे. उतारावरच्या जांभ्या दगडात कोरलेल्या हौदाला कोळंबी म्हणतात. मामा पाय धुऊन तिच्यात उतरायचा आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तासन्‌तास बोंडं तुडवायचा. आता बऱ्याच भट्ट्यांवर यंत्र आलं आहे आणि ते आलं हे चांगलंच झालं. मामाचे गुडघे मी पाहिले आहेत. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग करून तो रानवेलीने आवळायचा आणि वर दगड ठेवायचा. त्यातून रात्रभर थेंबथेंब झिरपतो तो निरो. सकाळी तो गाळून पेल्यात देत. थंड, किंचित तुरट आणि इतका गोड, की त्याच्यापुढे मला आजही कुठलं सरबत आठवत नाही. मुलांना भट्टीवरचं एवढंच मिळे आणि एवढ्यासाठी आम्ही पहाटे उठत असू.

भट्टी पेटली की मामाचा स्वभाव बदलायचा. एरवी गप्पिष्ट माणूस, तिथे कोणाशी बोलायचा नाही. भाणाचं, म्हणजे रस उकळायच्या भांड्याचं तोंड वारुळाच्या मातीने लिंपायचं, वाफेची नळी गार पाण्यात बसवलेल्या मडक्यात सोडायची, त्या मडक्यावर करवंटीने पाणी ओतत राहायचं आणि जाळ मंद ठेवायचा. जाळ वाढला तर रस करपतो आणि तो करपट वास पुढे कशानेही जात नाही. फेणी बाटलीत हलवून तो उजेडाकडे धरायचा आणि फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते पाहायचा. त्याच्याकडे मोजायचं यंत्रही होतं, पण निकाल मण्यांवरच ठरे. वासाने नाकं मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की तो वास त्या फळाचाच आहे. हापूसला हापूसचा वास येतो म्हणून कोणी तक्रार करत नाही.

इथपर्यंत आलो आणि खरं दुखणं वर आलं. बाटलीवरच्या चित्राचं मला आता फारसं काही वाटत नाही. आमच्या दोडामार्गच्या काजूबागेत मे महिन्यात गेलात तर पाय बोंडांच्या चिखलात रुततो. झाड तेच, जांभा तोच, पाऊस तोच. मामीच्या आणि आईच्या माहेरची भाषासुद्धा जवळजवळ तीच. पण मध्ये चेकनाका आहे. पलीकडे भट्टी म्हणजे वारसा, अलीकडे भट्टी म्हणजे दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. आमच्या आजीने आयुष्यभर बी वेचली आणि बोंड तिथेच टाकलं. बोंडाचं वजन बीच्या सहा-आठ पट असतं. म्हणजे दर हंगामात हाताला आलेल्या पिकाचा मोठा भाग ती मातीत टाकत होती आणि आजही माझा चुलतभाऊ तेच करतो. गुरं थोडी खातात, पोरं मीठ लावून चार चोखतात, कपड्यांवर कधी न जाणारे डाग पडतात, बाकीच्यावर माश्या. त्या आंबूस वासात आमचा सगळा मे महिना जातो.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या एकाहून एक जाती काढल्या आणि 'वेंगुर्ला 4', 'वेंगुर्ला 7' यांनी आमच्याकडच्या कितीतरी घरांचे दिवस पालटले. त्या केंद्राबद्दल माझ्या मनात निव्वळ कृतज्ञता आहे. पण हे सगळं यश बीचं. बोंडाचं सरबत, जॅम असे प्रयोगही झाले आहेत. अशा पंधरा बाटल्या एका बचत गटाकडून मी दरवर्षी घेतो. पंधरा बाटल्यांनी डोंगर उपसत नाही. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहाची फुलं यांच्या मद्याला 'देशी' ऐवजी 'विदेशी मद्य' म्हणायचं ठरवलं. ती बातमी मी तीनदा वाचली. मार्ग मोकळा करण्यासाठीच ते केलं असेल, हेतूवर मला शंका नाही. पण आमच्या परसातल्या बोंडाचा रस परदेशी, हे शब्द मला गिळता आले नाहीत. आणि आमच्या वाडीत अजून भट्टी आलेली नाही. एक तांब्याचं भाण आणि चार एकर बाग असलेल्या माणसाला पेलेल असा परवाना हवा. पलीकडे डिचोलीत जे चालतं ते अलीकडे तसंच चालू द्या, एवढंच मागणं आहे.

रविवारी रात्री घरी आल्यावर चुलतभावाला फोन केला. म्हणाला, यंदा गोव्याचा टेम्पो आठवड्यातून दोनदा येतो आणि पिंपं भरून बोंडं नेतो. मिळतं ते थोडंच, आणि भट्टीवर पोचेपर्यंत निम्मी फुटलेली असतात. मी म्हटलं, पावसाआधी येतो. मामा आता नाही, पण मामेभावाने एक कोळंबी अजून यंत्राविना ठेवली आहे. चुलतभाऊ म्हणाला, "मगे निरो पिऊक वांगडाच जाऊया. पण फाटफटी ये हां. उन्ह वर चढला की तो आंबाक लागता."