जवारीचा दोरा आणि चेताजाल

तंबोरा जुळविणाऱ्याकडे वाचकांनी कधी निरखून पाहिले आहे काय? खुंट्या पिळून तारा स्वरात आणल्या म्हणजे त्याचे काम संपत नाही. घोडीवर तारेखाली सरकविलेला बारीक दोरा तो केसभर पुढे, केसभर मागे करीत राहतो, आणि एका क्षणी तार गुंजारव करू लागते. हीच जवारी. मिरजेच्या कारागिरांच्या हातची ही किमया शास्त्राला मात्र सहज उमगणारी नव्हती. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निष्पंद बिंदू येतो, ते उपस्वर नादात उमटू नयेत, असा थॉमस यंगचा नियम आहे. तंबोऱ्यात ते खुशाल ऐकू येतात! चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१च्या सुमारास हे दाखवून दिले व त्याचे कारण घोडीच्या रुंद, वक्र पाठीवर तार स्पर्श करीत कंप पावते ह्यात शोधले. पुढे १९३३ मध्ये ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. १९३४ मध्ये तेथूनच त्यांनी भारतीय चर्मवाद्यांवर निबंध प्रसिद्ध केला. साध्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी मिळत नाहीत. परंतु मधोमध शाईचा लेप बसला की मृदंगाचे नऊ कंपनप्रकार पाच सुसंवादी स्वरांत सामावतात, असे त्यांनी सिद्ध केले.

दोरा आणि शाई ह्यांचा शोध लावणारे पदार्थविज्ञान शिकलेले नव्हते. ते वाद्यात हात घालावयास भ्याले नाहीत, एवढेच.

त्याच बेंगळुरूत बासरीवादक अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये 'राडेल' ही संस्था स्थापिली, आणि विजेवर चालणारा तंबोरा व श्रुतिपेटी घरोघर पोहोचली. सोय मोठी झाली. पण पेटीवर सरकवावयास दोरा उरला नाही. बटन तेवढे उरले.

आता तिसरे यंत्र आले आहे. इंग्रजीत ज्याला 'न्यूरल नेटवर्क' म्हणतात त्यास मी येथे 'चेताजाल' म्हणतो. लंडनच्या 'डीपमाइंड'ने २०१६ मध्ये 'वेव्हनेट' नावाचे चेताजाल रचले. ते सेकंदाला सोळा हजार नमुने एकामागून एक घडवीत असे. त्यामुळे एका सेकंदाच्या नादासाठी आरंभी सेकंदाहून पुष्कळच अधिक वेळ लागे. मैफलीत त्याचा काय उपयोग? २०२१ मध्ये पॅरिसच्या 'इर्काम' ह्या संगीतसंशोधन संस्थेत अंत्वान कायों व फिलिप एस्लिंग यांनी 'रेव्ह' हे जाल सिद्ध केले. ते साध्या संगणकावर, वादकाच्या हाताबरोबर चालते. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग येणाऱ्या ध्वनीचा अर्क काढून तो थोड्याशा अंकप्रवाहांत साठवितो. दुसरा भाग त्या अंकांवरून, शिकलेल्या वाद्याच्या पोताचा नाद पुन्हा उभा करतो. सनईवर शिकविलेल्या जालापुढे गुणगुणावे, तर सनई ऐकू येते.

माझा सारा आग्रह ह्या दोन भागांच्या मधल्या जागेविषयी आहे. प्रयोगशील वादक तेथेच जोडणी उचकटतात: एका प्रवाहात अंक मिळवितात, दोन प्रवाहांची अदलाबदल करतात, निघालेला नाद पुन्हा तोंडाशी आणून सोडतात, किंवा कंठावर शिकलेल्या जालाला मृदंग ऐकवितात. मग जे निघते ते ना कंठ, ना मृदंग. ह्याला 'हॅकिंग' म्हणतात. त्या शब्दाला आपल्याकडे चोरीचा वास येतो; येथे अर्थ आहे उकलून, मोडून पाहण्याचा. पुष्कळदा हाती निव्वळ खरखर लागते, आणि अशी ध्वनिमुद्रणे ऐकताना मीही अनेकदा कंटाळलो आहे. पण प्रेक्षकांसमोर, चुकण्याचा धोका पत्करून, यंत्राच्या आतला दोरा शोधण्याचा तो उद्योग आहे, हे नाकारता येत नाही.

याउलट तयार खेळणे पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये गूगलने प्रसार भारतीच्या सहकार्याने, राष्ट्रगीत गाणाऱ्याचा आवाज बासरी, सनई वा सारंगीत बदलून देणारा प्रयोग लोकांपुढे ठेवला. मुलांना मौज वाटली असेल. परंतु मधली जागा झाकलेलीच होती. बटन दाबणारा विद्यार्थी सारंगीविषयी काय शिकला? मिंड कोठे सुटली, गज कोठे फिरला, हे कोणास विचारावे?

कोणी म्हणेल, शाळेत तंबोरा नाही तेथे चेताजाल कसले? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. 'रेव्ह'ची आज्ञावली सर्वांस खुली आहे, आणि जाल शिकविण्यास काही तासांचे ध्वनिमुद्रण पुरते. अडचण निराळीच आहे: ते ध्वनिमुद्रण कोणाचे? १९५७च्या प्रताधिकार कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या प्रयोगावर हक्क मिळाला. नादाच्या पोताचा उल्लेख मात्र त्यात नाही. एखाद्या सारंगियाची जन्मभराची कमाई जालात ओतली जावी आणि त्याचे नावही राहू नये, हे मला मान्य नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील एखाद्या कारागिराची लेखी अनुमती घेऊन, त्याचे नाव जालाच्या कपाळी लिहून, एखाद्या माध्यमिक शाळेने त्याच्या तंबोऱ्याचे तीन तास मुद्रित करावेत. मुलांनी आधी दोरा सरकवून पाहावा, मग अंक.