‘मन घट्ट करा’ हा उपचार नव्हे



दुष्काळी भागातील शेतकऱ्यांनी मन घट्ट केले की प्रकृती आपोआप सावरेल, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला सद्भावनेचा असला, तरी शरीरशास्त्राला धरून नाही. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, आघात कोणताही असो, तो टिकून राहिला की अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी, आकाराने वाढतात आणि जठरात व्रण पडतात. या ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे शरीरभर संदेश नेणारे रसायन, रक्तातील साखर वाढवून संकटाला तोंड देण्याचे बळ पुरवते. बांधावर साप आडवा आला तर कॉर्टिसॉलची पातळी काही वेळात उतरते, परंतु पावसाने ओढ दिली, दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागले आणि सावकाराचा तगादा रोजचाच झाला, तर तिला उतरायला सवडच मिळत नाही. मग झोप उडते, रक्तदाब चढतो, मधुमेह बळावतो. आणि नेमक्या याच काळात पैशाअभावी रक्तदाबाची रोजची गोळी दिवसाआड घेतली जाते. अशा माणसाला खंबीर राहण्यास सांगणे म्हणजे दुखण्याचा दोष त्याच्याच माथी मारणे होय, आणि ते अन्यायाचे आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प आणि २०२२ पासूनची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकावरील मोफत दूरध्वनी सेवा यांचा साधा उल्लेखही त्या पत्रात असता, तर तो एखाद्या घराच्या उपयोगी पडला असता.

— एक वाचक