अटींच्या आडून मक्तेदारी

निविदा उघडण्यापूर्वीच मक्ता कोणाला मिळणार हे ठरविण्याची विद्या आपल्या नोकरशाहीने आता पूर्णत्वास नेली आहे. पूर्वी त्यासाठी दर फोडावे लागत, पाकिटे सरकवावी लागत. आता पात्रतेची अट लिहिली की काम भागते. उलाढाल इतकी, अनामत इतकी, यंत्रसामग्री अमुक प्रकारची. लहान पुरवठादार दारातच गळतो आणि उरलेल्या दोघातिघांची ‘खुली स्पर्धा’ यथासांग पार पडते.

अंगणवाडीच्या आहाराचेच पाहा. या आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, शक्यतो ग्रामसमूह, बचत गट व महिला मंडळे यांच्याकडे हे काम द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २००४ चा. तो डावलता येत नव्हता, म्हणून वळसा घेतला गेला. महिला मंडळांच्या पाट्यांमागे खाजगी उत्पादक बसले असल्याचे न्यायालयाच्या आयुक्तांनीच २०१२ मध्ये महाराष्ट्राविषयी दाखवून दिले. यावर उपाय म्हणून खऱ्या गटांना बळ देता आले असते. ते न करता २०१६ साली घरपोच आहाराची अशी निविदा निघाली की यंत्रसामग्रीच्या व आर्थिक कुवतीच्या अटींपुढे गावातला गट उभाच राहू नये. अटी बड्यांच्या सोयीसाठी बदलल्या गेल्या, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सुमारे ६,३०० कोटी रुपयांचे हे मक्ते रद्द केले.

सरकारपक्षाचा युक्तिवाद ठरलेला असतो : बालकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, स्वच्छता हवी, पोषणमूल्ये मोजूनमापून हवीत. हवीतच! परंतु ती आहारात आहेत की नाहीत हे प्रयोगशाळा सांगेल. उत्पादकाचा ताळेबंद कसा सांगणार? केरळात कुटुंबश्रीच्या स्त्रियांची दोनशेहून अधिक केंद्रे बालकांसाठी ‘अमृतम्’ पोषणपीठ तयार करतात. त्याची कृती कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेत सिद्ध झाली. तेथे शास्त्र स्त्रियांच्या हाती दिले गेले. येथे शास्त्राच्या नावाने स्त्रियांच्या हातचे काम काढून घेण्यात आले.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणाचा दाखला काही मित्र देतात. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून वीस टक्के, आणि २०१९ पासून पंचवीस टक्के खरेदी करावी, त्यांना अनामत माफ असावी, ही त्यातील तरतूद चांगलीच आहे. पण ती केंद्रीय खाती व उपक्रम यांच्यापुरती. राज्याच्या खात्यांना ती बांधत नाही. शिवाय लहान उत्पादकाचा दर सर्वात कमी दराहून पंधरा टक्क्यांपर्यंत अधिक असेल, तर त्याला मिळणारी सवलत कोणती? बड्याच्याच दराला माल देण्याची!

आणि माल दिल्यानंतरचे काय? पंचेचाळीस दिवसांत पैसे न दिल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा म्हणतो. परंतु पुढचा पुरवठा आदेश ज्या अधिकाऱ्याच्या सहीने निघणार, त्याच्याविरुद्ध फिर्याद कोणता बचत गट करील? बडा ठेकेदार थकबाकीचे व्याज आपल्या दरात आधीच घालतो. बायका मात्र ते सावकाराला भरतात.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी केवळ भ्रष्टाचाराच्या घोषणा देऊन थांबू नये. पुरवठ्याचे काम प्रकल्पवार वाटले जावे, उलाढालीची अट रद्द व्हावी, प्रत्येक बिल कोणत्या तारखेला आले व कोणत्या तारखेला चुकते झाले हे कार्यालयाच्या फलकावर लागावे, या मागण्या घेऊन जिल्हा परिषदेवर जावे. निविदापूर्व बैठकीची तारीख टिपून ठेवावी आणि गटांच्या प्रतिनिधींसह तेथे लेखी हरकती नोंदवाव्यात. दर उघडल्यानंतर धावाधाव केली तर फक्त न्यायालय उरते. २०१६ च्या निविदेचा अंतिम निकाल लागेपर्यंत २०१९ उजाडले होते.