दीड किलोचा कूलर कुणासाठी?

डेस्कटॉप जुळवायला बसलेल्या माणसाला हल्ली एकच प्रश्न पडतो: कूलर केवढा मोठा घेऊ? प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचं ठरलं की पाठोपाठ दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा अजस्र कूलर येतो, नाहीतर पाण्याचा रेडिएटर. जणू बेडरूममध्ये अणुभट्टीच बसवायची आहे. माझं म्हणणं सरळ आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना सहा-सातशे ग्रॅमचा, एका पंख्याचा साधा एअर कूलर पुरतो. त्याहून जड घेणं म्हणजे पैसे मोजून कटकट घरी आणणं.

(कूलर म्हणजे खिडकीत बसवतात तो नव्हे. पण जिथे अख्ख्या कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणतात, तिथे काय बोलायचं. असो.)

आधी वजनाचं बघू. नॉक्टुआचा प्रसिद्ध एनएच-डी१५ हा २०१४ सालचा कूलर पंख्यांसकट १३२० ग्रॅमचा. डीपकूलचा एके४०० साधारण ६६० ग्रॅमचा. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड उभा असतो, म्हणजे हा सगळा ऐवज बोर्डाला आडवा लटकतो, बाल्कनीसारखा. इंटेलने एलजीए ७७५ सॉकेटच्या काळात हीटसिंकच्या वजनाची मर्यादा ४५० ग्रॅम ठेवली होती, ती उगाच नव्हे. पुढे २०१५ साली स्कायलेक प्रोसेसर आले, त्यांचा खालचा थर आधीपेक्षा पातळ होता. काही जड कूलरच्या दाबाने तो वाकल्याच्या तक्रारी आल्या, आणि स्कायथ या जपानी कंपनीने, वाहतुकीत धक्के बसले तर धोका आहे असं सांगून, गिऱ्हाइकांना नवे स्क्रू फुकट देऊ केले.

वाहतुकीतले धक्के! आता सांगा, भाड्याच्या फ्लॅटचा करार किती महिन्यांचा असतो? अकरा. वाकडमधून मोशीला, मोशीतून चिखलीला, छोट्या हत्तीत गादी, वॉशिंग मशीन आणि मध्ये कुठेतरी कोंबलेला तो 'सीपीयू'. तळेगाव-चाकण रस्त्याबद्दल वेगळं लिहायला नको. कूलर काढून वेगळा न्यावा हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीही करत नाही, कारण मोठा कूलर काढायचा म्हणजे पंखे उतरवा, लांब स्क्रू ड्रायव्हर शोधा, पुन्हा पेस्ट लावा. हलका कूलर निदान दहा मिनिटांत निघतो. न काढता नेला तरी बोर्डावरचा भार निम्मा.

'पण मग तापमानाचं काय?' येतोच आहे तिकडे.

कुठलाही एअर कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. व्हिडिओतले परीक्षक साधारण २०-२५ अंशांच्या खोलीत चाचणी घेतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत एसी नसेल तर दुपारी ३८ धरायला हरकत नाही. हिशोबापुरतं समजा, हलका कूलर दर वॅटमागे ०.३० अंश चढू देतो आणि जड कूलर ०.२४. प्रोसेसर १२० वॅट खातोय. हलक्याखाली तो खोलीपेक्षा ३६ अंश वर जाईल, जडाखाली सुमारे २९. म्हणजे सात अंश वाचवायला पाच-सात हजार जादा.

आता तेच सात अंश फुकटात. चिपची उष्णता ढोबळमानाने वारंवारता गुणिले व्होल्टेजचा वर्ग. वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के वाढवलं तर उष्णता ३३ टक्क्यांनी वाढते. उलट, वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर ती १९ टक्क्यांनी घटते. १२० वॅटचे झाले ९७, आणि हलक्या कूलरखालीही तापमान खोलीपेक्षा २९ अंशच वर! प्रत्येक चिप एवढी उतरेल असं नाही, पण निम्मं उतरलं तरी साडेतीन अंश पदरात. शिवाय गुरुवारी वीज गेली की यूपीएस थोडा जास्त तग धरतो, ते वेगळंच.

ओव्हरक्लॉकिंगलाच माझा विरोध आहे असं समजू नका. १९९८ साली सेलेरॉन ३००ए ची बस ६६ वरून १०० वर नेली की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर पळायची. पन्नास टक्के फायदा! तेव्हा पोरांनी जे केलं ते बरोबरच केलं. आज कारखानाच चिप ताणून देतो. २०२२ चे रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जातील असेच आखलेले आहेत. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत तर व्होल्टेज इतकं चढलं की चिपा अस्थिर व्हायला लागल्या, आणि २०२४ मध्ये इंटेलला मायक्रोकोड बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आपल्या हातात उरलेत शेवटचे चार-पाच टक्के, आणि सर्वांत महाग उष्णता तीच.

तरी या पट्ट्यात ते टक्के खरोखर लागणारी माणसं आहेत. भोसरीत, चाकणला डाय आणि मोल्डची डिझाइनं करणारे. कॅडमध्ये मॉडेल रीबिल्ड होताना बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून तिथे वेग हवा. पण गंमत बघा, एकच कोअर पळत असताना एकूण वॅट कमीच असतात. उष्णता अडते ती नखाएवढ्या जागेत, सिलिकॉन आणि वरच्या झाकणाच्या मध्ये. पुढे पाती किलोभर लावा नाहीतर दोन किलो, तिथली कोंडी सुटत नाही. अठरा तास रेंडरिंग किंवा सिम्युलेशन चालवणाऱ्यांनी खुशाल मोठा कूलर घ्यावा, त्यांच्याशी माझं भांडण नाही. बाकीच्यांचं काय?

आणि हे आपल्याच गावात सांगावं लागतं याचं नवल वाटतं. बजाजची चेतक १९७२ पासूनची. तिच्या इंजिनाला अंगावर वारा लागत नव्हता, ते पत्र्याआड झाकलेलं. म्हणून फ्लायव्हीलवर पंखा आणि सिलिंडरभोवती पत्र्याचं आवरण, म्हणजे वारा नेमका पात्यांवरूनच जाणार. पाती वाढवली नाहीत, वाऱ्याला वाट दिली. पुढे गरज पडली तेव्हा त्याच बजाजच्या चाकण कारखान्यात केटीएम ड्यूकला पाणी दिलंच की! आणि आपण? पुढून काचेने बंद केलेलं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घेतो आणि आत गुदमरायला दहा हजारांचा कूलर ठेवतो.

घेताना एवढंच बघा: चार हीटपाइप, १२० मिलिमीटरचा पंखा, बोर्डामागे धातूची पट्टी, कॅबिनेटमध्ये मावणारी उंची आणि पुढून जाळी. पाती फार दाट नकोत. इथली धूळ दाट पात्यांत नमदा होऊन बसते आणि ब्लोअरलाही दाद देत नाही. पंखा क्लिपने निघणारा हवा. तो मेला तर कुठल्याही दुकानात दुसरा मिळतो, पाण्याच्या कूलरचा पंप मेला तर सगळाच संच भंगारात. ताण चाचणी मे महिन्यात दुपारी तीनला घ्या, एसी बंद ठेवून. डिसेंबरच्या रात्री काढलेले स्क्रीनशॉट कृपया मला पाठवू नका :)