विश्लेषण : भाताचा पेंढा आणि तूस शेताबाहेर गेले, की मातीतून काय जाते?

वाळू, दगड, माती या सगळ्यांत सिलिकॉन आहेच. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनखालोखाल त्याचाच क्रमांक, वजनाने सुमारे 28 टक्के. तरीही भातखाचरात त्याची टंचाई जाणवते. असे का?

टंचाई कशामुळे?

मुळे सिलिकॉन फक्त पाण्यात विरघळलेल्या सिलिसिक आम्लाच्या रूपात घेतात. वाळूतले क्वार्ट्झ जवळपास विरघळतच नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनीतला विरघळणारा भाग तर वर्षानुवर्षांच्या धो-धो पावसात वाहून गेला आहे. त्यात भात हे सिलिकॉनसाठी हावरट पीक. त्याच्या मुळांत सिलिकॉन आत ओढणारे खास प्रथिन असते. जपानमधील शास्त्रज्ञ जियान फेंग मा यांच्या गटाने 2006 मध्ये त्याचे जनुक शोधले. हेक्टरी 5 टन धान्य देणारे पीक साधारण 230 ते 470 किलो सिलिकॉन उचलते. पानांत आणि खोडात तो काचेसारखा साचतो. त्यामुळे रोप ताठ राहते, कमी लोळते, आणि करपा व खोडकिडा यांना आत शिरणे जड जाते.

यातला बहुतांश सिलिकॉन दाण्यात नव्हे, पेंढ्यात आणि तुसात असतो. म्हणजे तांदूळ विकून जेवढा जातो, त्यापेक्षा कितीतरी जास्त पेंढा विकून जातो.

उपाय नवा आहे का?

नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या ‘चारसूत्री’ भात लागवडीत पहिले सूत्रच अवशेषांच्या फेरवापराचे आहे: रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळसर राख आणि लावणीच्या शेतात हेक्टरी सुमारे 2 टन पेंढा. बाकीची सूत्रे गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्यांची. ही जोडणी उगाच नाही. कच्चा पेंढा कुजताना जीवाणू मातीतले नत्र अडवून ठेवतात, ती भरपाई पाला आणि गोळ्या करतात. नुसता पेंढा गाडून पीक पिवळे पडले, तर दोष पेंढ्याचा नाही.

राख काळसरच का?

खरी मेख इथे आहे. एक क्विंटल भातामागे साधारण 20 किलो तूस निघते. ते पूर्ण जाळले तर सुमारे 4 किलो राख उरते, आणि तिचा 85 टक्क्यांहून अधिक भाग सिलिका असतो. पण तूस 700-800 अंशांच्या वर तापले, की सिलिकाचे स्फटिक होऊ लागतात. मग ती वाळूसारखीच: भरपूर, पण पिकाच्या कामाची नाही. कमी हवेत, 400-500 अंशांच्या आसपास केलेल्या कोळशात, म्हणजे बायोचारमध्ये, सिलिका अस्फटिक राहते आणि हळूहळू विरघळते. बायोचार आम्लारीही असतो, त्यामुळे कोकणातल्या आम्लधर्मी मातीला दुहेरी फायदा. भट्टीतून फुकट मिळणारी पांढरी-गुलाबी राख म्हणूनच तपासून घ्यावी. तिची स्फटिकी धूळ फुप्फुसांनाही घातक, तेव्हा पसरताना नाकातोंडावर कापड नव्हे, चांगला मास्क हवा.

सगळ्या महाराष्ट्राला लागू?

नाही. उसालाही सिलिकॉन भरपूर लागतो, पण काळ्या जमिनीत तो विरघळलेल्या रूपात जांभ्या जमिनीपेक्षा सहसा जास्त असतो. तिथे सामू आधीच 8 च्या पुढे असेल, तर आम्लारी बायोचार टाकणे उलटू शकते. अशा ठिकाणी पाचट न पेटवता सरीत आच्छादन म्हणून ठेवणे सोपे आणि स्वस्त.

अडचण कोणती?

गुरे. पेंढा हाच कोकणातला मुख्य चारा, तो खाचरात गाडायला कोण देईल? त्यातला सिलिकॉन निदान शेणाबरोबर परत येतो, अर्थात शेणखत त्याच खाचरात पडले तर. तुसाचे तसे नाही. ते गुरे आवडीने खात नाहीत, आणि भात गिरणीवर गेला की तूस तिथेच राहते. तांदूळ घरी नेताना तुसाची पोती मागून घेणे, ही सुरुवात बहुतेकांना परवडणारी आहे.