बेदाण्यांचा पुडा

गेल्या वर्षी याच पानावर मी फराळाच्या पदार्थांच्या नावांविषयी मोठ्या ऐटीत लिहिले होते. ते वाचून कितीतरी वाचकांनी पत्रे पाठविली. उत्तर मात्र एकालाही गेले नाही. त्याचे कारण आज सांगून टाकतो.

कारणाचे नाव खंड्या. हे आमचे कुत्रे. जात विचाराल तर गंगापूर रोड! चार वर्षांपूर्वी ऐन पावसात आमच्या कन्येने त्याला ‘दोनच दिवस हं, बाबा’ अशा बोलीवर घरी आणले. आज त्याचे वजन चौदा किलो आहे आणि माझ्या आरामखुर्चीवर त्याची वहिवाट आहे.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती. बाहेर पहिली माळ कडाडली की हा शूर वीर दिवाणाखाली जातो. नेमका त्याच दिवाणाखाली मी एक पुडा लपविला होता. निफाडकडचा माझा एक जुना विद्यार्थी दर दिवाळीला घरच्या बागेतले बेदाणे पाठवितो, आणि उघड्यावर राहिले तर ते लाडवांपर्यंत पोचत नाहीत. (सौ.च्या मते याला एकटा मीच जबाबदार आहे.) साडेआठच्या सुमारास फाटलेला कागद बाहेर आला नि त्यामागून तोंड चाटीत खंड्या. अर्ध्या किलोतले निम्मे तरी गट्ट झाले होते.

“बाबा, बेदाणे कुत्र्याला विष असतात!” कन्या ओरडली.

मी हसलो. “अगं, नाशकात राहून द्राक्षांना विष म्हणतेस? पिंपळगावला कळलं तर आपल्याला वाळीत टाकतील.”

आईनेही माझीच बाजू घेतली. “टायफॉइडातून उठलास तेव्हा तुला भिजवलेले बेदाणेच देत होते मी. बेदाण्यानं कुणी मरतं का?” खंड्या शेपूट हलवीत उभा होता. आम्ही पाने वाढून घेतली. माझी ती कोटी मला पाऊण तासाला पडली.

मुलगी जेवली नव्हती. आतल्या खोलीत बसून ती एकटीच दवाखान्यांना फोन लावीत होती. हात धुऊन आत गेलो तर डोळ्यांतले पाणी न पुसता ती म्हणाली, “कुणी उचलत नाहीये, बाबा.” तेव्हा कुठे माझे पांडित्य जमिनीवर आले.

मग मीही बसलो. जिथे खंड्याला लसी टोचतो त्या दवाखान्यात दिवाळीची चार दिवस सुट्टी. दुसऱ्या ठिकाणचे गृहस्थ, सकाळी दहानंतर आणा, म्हणाले. तिसरा क्रमांक आता एका खताच्या दुकानाचा निघाला. त्यांनी शुभेच्छा दिल्या. शेजारच्या काकांनी खास उपाय सांगितला: पेलाभर पाण्यात मूठभर मीठ घालून पाजा, सगळे बाहेर पडेल. माझ्या हातात पेला होता, चमचा फिरत होता, तेवढ्यात सहावा फोन उचलला गेला. आवाज तरुण मुलीचा.

“किती वाजता खाल्लं? किती खाल्लं? वजन काय? उलटी झाली का?” उत्तरे ऐकून ती म्हणाली, “मीठ मुळीच पाजू नका, सर. रक्तात मीठ वाढलं की मेंदूवर परिणाम होतो. बेदाण्यांच्या आधी मीठच मारायचं. दूधही नको. उरलेला पुडा बरोबर घ्या नि लगेच निघा.”

रिक्षावाल्याने कुत्रे पाहून मान हलविली, मग मुलीकडे पाहून “बसा” म्हणाला. मुंबई नाक्यापर्यंत धुरात रस्ता दिसत नव्हता. इंदिरानगरातल्या त्या लहानशा दवाखान्याच्या पायरीवर रांगोळी होती. डॉक्टरीणबाई काठपदराच्या साडीवर पांढरा कोट चढवून उभ्या होत्या. त्यांनी एक इंजेक्शन दिले आणि दहा मिनिटांत जुन्या वर्तमानपत्रावर फुगलेल्या बेदाण्यांचा ढीग पडला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री इतक्या आनंदाने मी दुसरे काही मोजल्याचे स्मरत नाही.

मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातील तज्ज्ञांनी २००१च्या सुमारास हे छापून जाहीर केले. पण द्राक्षातले नेमके काय बाधते ते पुढे वीस वर्षे उमगले नव्हते. २०२१ साली संशय टार्टरिक आम्लावर आला. ते चिंचेतही असते, तेव्हा आमटीतली चिंचही कुत्र्याला नको. खरी पंचाईत अशी की प्रमाण सांगता येत नाही. एखादे कुत्रे घोसच्या घोस पचविते, एखादे मूठभर मनुकांनी जाते. त्यावर उतारा नाही. पहिल्या एकदोन तासांत उलटी करविणे, मग औषधी कोळसा नि सलाईन, एवढेच हाती असते. आणि फसवे म्हणजे पहिले काही तास जनावर ठणठणीत दिसते. मग उलट्या, अन्नावरची वासना उडणे, आणि दोनतीन दिवसांत लघवी बंद.

ठणठणीत! माझ्या ताटासमोर शेपूट हलवीत होता तो. आपल्या भाषेत जनावराला ‘मुके’ म्हणतात. त्या रात्री घरात बोलणारे एक माणूस होते आणि मी त्याचे ऐकले नव्हते.

दोन दिवस सलाईन चालले. क्रिएटिनिन तपासायला रक्त तीनदा काढले. पाडव्याची ओवाळणी सौ.ने दवाखान्याच्या बाकावर उरकली. त्या बाकावर बसून मला परळ आठवले. मुंबईला शिकत असताना बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयावरून मी रोज जात असे. दिनशा माणकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावे दिलेल्या देणगीतून जनावरांसाठी उभे राहिलेले ते इस्पितळ. १८८६ साली तिथेच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय उघडले, ते चोवीस तास चालते. मात्र नाशिकहून ते दीडशे किलोमीटरांहून दूर आणि मधे कसारा घाट. इथे माझ्या वाट्याला काठपदराची साडी नेसलेली एकच मुलगी आली होती. “तुम्हाला रात्रीचा माणूस नाही का?” मी विचारले. “मीच आहे, सर. झोप लागली तर नाही,” त्या म्हणाल्या. शेजारच्या पिंजऱ्यात एक मांजरी धापा टाकीत होती. ताप म्हणून मालकिणीने तिला पॅरासिटामॉलची गोळी दिली होती. मांजराला ती एक गोळीही जीवघेणी ठरते. तिचे पुढे काय झाले ते विचारायचा मला धीर झाला नाही.

भाऊबीजेला तिसरा अहवाल चांगला आला. खंड्याने घरी येऊन पहिली चौकशी दिवाणाखाली केली.

यंदा विद्यार्थ्याचा फोन आला तेव्हा बेदाणे पाठवू नकोस म्हणालो आणि सगळी हकीकत सांगितली. तो हसेल असे वाटले होते. तो बराच वेळ बोलला नाही.

“सर, बागेत राखणीला दोन कुत्री होती आमची. खाली पडलेले मणी खायची. गेल्या हंगामात एकाला उलट्या झाल्या, मग त्यानं खाणं सोडलं आणि तीनचार दिवसांत गेलं. आम्ही म्हटलं, पान लागलं असंल.” मग थांबून म्हणाला, “त्या बाईंचा नंबर द्या, सर. दुसरं आहे अजून.”

मी नंबर दिला. रात्री एकदा उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लाव, तेवढे सांगितले.