जमल्यास मराठी

मराठी मजकूर पडद्यावर विस्कटला की आपल्या भाषाविभागांत एक ठरलेले वाक्य ऐकू येते : 'फाँटचा प्रॉब्लेम आहे.' हे निदान पुष्कळदा चुकीचे असते, पण सोयीचे असते. दोष फाँटचा ठरला की तो तंत्रज्ञाच्या अंगणात जातो आणि साहित्याचा अध्यापक मोकळा होतो. माझे म्हणणे असे की हा दोष अनेकदा फाँटच्या आधीच्या एका निर्णयात असतो, आणि तो निर्णय स्वरूपाने संपादकीय असतो. ग्राफिक्स लायब्ररी सोर्स कोडवरून कंपाइल करताना जे पर्याय निवडले जातात, त्यांत मराठी अक्षर नीट जुळणार की नाही हे ठरून जाते. त्या निवडीच्या वेळी मराठीचा जाणकार तिथे नसतो, आणि त्याला तिथे असावेसेही वाटत नाही.

ग्राफिक्स लायब्ररी म्हणजे रेषा, रंग, चित्रे आणि अक्षरे काढून देणारी आज्ञावली. भित्तिपत्रके, नकाशे, आलेख, चित्रफितींवरची शीर्षके यांच्यामागे अशी एखादी लायब्ररी काम करत असते. ती स्वतः कंपाइल करायची तर आधी तिला काय काय जोडायचे ते सांगावे लागते : अमुक प्रकारची चित्रे वाचता यावीत, तमुक प्रकारे अक्षरे काढता यावीत, वगैरे. अक्षरे काढण्याचे काम दोन टप्प्यांत होते. फाँटमधून एकेक आकृती उचलून रंगवणे हा पहिला टप्पा. ते काम फ्रीटाइप करते. कोणती आकृती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रूपात उचलायची हे ठरवणे हा दुसरा. ते काम हार्फबझ करते. रोमन लिपीचे पहिल्यावर बव्हंशी भागते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लेखनात आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरात व्यंजने अर्धी होतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यावाचून देवनागरीचे लेखनच होत नाही.

हे पडताळून पाहण्यासाठी कोयनेच्या खोऱ्यातली नावे फार उपयोगी आहेत. समजा, कोयनानगरच्या एखाद्या शाळेने ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाविषयी भित्तिपत्रक करायला घेतले, आणि त्यासाठी वापरलेल्या लायब्ररीत अक्षरजुळणीचा हा भाग जोडलेला नाही. 'कोयनानगर' हे नाव अगदी बिनचूक उमटेल. 'पाटण' उमटेल, 'हेळवाक' उमटेल. या नावांत जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही, रफार नाही. पाहणारा म्हणेल, मराठी चालते आहे. मग धरणामागच्या जलाशयाचे नाव येईल आणि 'शिवसागर'चा 'शविसागर' होईल. 'चिपळूण'चे 'चपिळूण' होईल. 'कुंभार्ली'तला रफार खाली उतरेल आणि 'कुंभार्‌ली' असे मोडक्या पायाचे रूप दिसेल. 'सह्याद्री'चे 'सह्‌याद्‌री' होईल. कोयना कृष्णेला जिथे मिळते त्या गावाचे नाव जुन्या वळणाने 'कऱ्हाड' असे लिहिले, तर मराठीचा खास अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा र म्हणतो, तो नाहीसा होईल. त्याच र‌च्या बळावर आपण 'दऱ्या' आणि 'दर्या', 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' हे शब्द वेगळे ओळखतो. येथे केवळ सौंदर्य बिघडत नाही, अर्थ बदलतो.

आता पर्यायांकडे येऊ. पायथन भाषेत चित्रांवर काम करणारी पिलो ही लायब्ररी जगभर वापरली जाते. २०१५ मधल्या ३.० आवृत्तीपासून तिच्या कंपाइलचा नियम असा की जेपेग चित्रे वाचणारी आणि झेडलिब ही माहिती दाबून साठवणारी, अशा दोन सहायक लायब्रऱ्या नसतील तर काम तिथेच थांबते. त्या नको असतील तर तसे मुद्दाम सांगावे लागते. २०१७ पासून पिलोत 'रक्म' या सहायक लायब्ररीमार्फत हार्फबझची जुळणी घेण्याची सोय झाली. हा अरबी शब्द लेखन आणि अंक या दोन्ही अर्थांचा. आपली 'रक्कम' त्याच कुळातली. ही रक्म मात्र ऐच्छिक आहे. ती सापडली तर जोडली जाते, न सापडली तर काम निर्वेधपणे पूर्ण होते. पुढे मराठी मजकूर दिला की एकेक आकृती शेजारी शेजारी ठेवणारी साधी मांडणी वापरली जाते, आणि मुद्दाम रक्मची मागणी केलेली नसेल तर आज्ञावली त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

म्हणजे छायाचित्र उघडता येणे अनिवार्य, 'शिवसागर' वाचता येणे ऐच्छिक. या क्रमवारीमागे कोणाचा दुष्टावा नाही. ही कामे करणारे बहुतेक लोक विनामोबदला राबतात आणि त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण ऋण मान्य करणे म्हणजे क्रमवारी मान्य करणे नव्हे.

हा केवळ एका लायब्ररीचा प्रश्न नाही. कैरोसारख्या लायब्रऱ्या ज्या मेसन या साधनाने कंपाइल होतात, त्यात एखाद्या सोयीला तीन स्थिती देता येतात : हवी, नको, आणि आपोआप. 'आपोआप' हा शब्द निरुपद्रवी वाटतो. त्याचा व्यवहारातला अर्थ 'जमल्यास' असा आहे. सोय मिळाली तर घ्या, न मिळाली तर गाजावाजा न करता सोडून द्या. लग्नपत्रिकेवर 'जमल्यास या' असे लिहिले तर पाहुणा काय समजायचे ते समजतो. आपली लिपी अशा निमंत्रणावर जगते आहे, आणि याच मूक 'जमल्यास'ला माझा आक्षेप आहे. 'नको' असे स्पष्ट लिहिले असते तर निदान भांडता आले असते.

यावर पहिला प्रतिवाद असा होतो की आता तयार आवृत्त्या मिळतात, न्याहाळकात आणि मोबाइलवर मराठी उत्तम दिसते, तेव्हा हे रडगाणे जुने झाले. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड हार्फबझ वापरतात, हे खरे. तिथे ही सोय ऐच्छिक ठेवलेली नाही, म्हणूनच तिथे मराठी दिसते. प्रतिवादातले उदाहरण माझीच बाजू मांडते. पिलोच्या तयार आवृत्त्यांत ८.२ पासून रक्म अंतर्भूत आहे, पण ती फ्रिबिडी नावाची आणखी एक लायब्ररी संगणकावर शोधते. फ्रिबिडीचे काम अरबी-हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांची दिशा सांभाळण्याचे. ती सापडली नाही की डावीकडून उजवीकडे लिहिली जाणारी मराठीही पुन्हा साध्या मांडणीत ढकलली जाते.

दुसरा प्रतिवाद तंत्रज्ञांचा : देवनागरी ही 'गुंतागुंतीची लिपी' आहे, तिच्यासाठी आकार आणि वेळ दोन्ही वाढतात. गुंतागुंतीची कोणाच्या तुलनेत? रोमन लिपी हे मोजमाप धरले तरच देवनागरी गुंतागुंतीची ठरते. बाराखडी पाठ केलेल्या मुलाला 'शि' हे एकच अक्षर असते. आणि मुळात हा आक्षेप बदलता येतो. चित्रफितींवर काम करणाऱ्या एफएफएमपेगने २०२३ मधल्या ६.१ आवृत्तीत चित्रावर मजकूर लिहिणाऱ्या भागासाठी हार्फबझ अनिवार्य केले. आभाळ कोसळले नाही.

तिसरा प्रतिवाद आपल्याच लोकांचा, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो : चित्र नीट दिसल्याशी कारण. मग वेलांटी आधी टंकून 'शिवसागर' डोळ्यांना बरोबर दिसेल अशी लबाडी केली जाते, किंवा जुन्या बिगर-युनिकोड फाँटांकडे परत जाण्यात येते. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर जुळणीचा भाग नसताना संहिता शाबूत असते आणि फक्त तिचे दर्शन भ्रष्ट असते. या उपायाने दर्शन सुधारते आणि संहिता भ्रष्ट होते. उद्या कोणी शिवसागर शोधेल तेव्हा तो मजकूर त्याला सापडणारच नाही. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करणाऱ्या एकनाथांची परंपरा वर्गात शिकवायची आणि आपल्या डोळ्यांदेखत नवे अपपाठ तयार करायचे, यातली विसंगती आपल्याला बोचायला हवी.

करायचे काय, तेही सांगतो, कारण नुसता निषेध स्वस्त असतो. मराठी मजकुरासाठी लायब्ररी कंपाइल करून घेताना जुळणीचा पर्याय 'आपोआप' न ठेवता 'हवाच' असा द्यावा. पिलोतही रक्मसाठी तशी आज्ञा आहे. मग रक्म नसेल तर काम उघडपणे अडते, आणि उघड अडणे हे गुपचूप बिघडण्यापेक्षा केव्हाही चांगले. मजकूर काढताना त्याची भाषा मराठी आहे हे नोंदवावे. पिलोत भाषा सांगितली आणि रक्म नसली तर आज्ञावली चूक दाखवून थांबते. रक्म असली आणि फाँटमध्ये सोय असली तर राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयाने स्वीकारलेली ल आणि श यांची मराठी वळणे मिळू शकतात. चाचणीसाठी 'कोयनानगर'सारखे सरळ नाव घेऊ नये. शिवसागर, कुंभार्ली, सह्याद्री आणि कऱ्हाड घ्यावीत. आणि ही शब्दयादी करण्याचे काम संगणक विभागाचे नसून मराठी विभागाचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्याचे समारंभ झाले, फलक लागले. तो दर्जा 'जमल्यास' दिलेला नव्हता. तिच्या अक्षरांनाही ती सवलत कोणी देऊ नये, आणि मराठी शिकवणाऱ्यांनी तर मुळीच देऊ नये.